ढोलकी आपली, वही कुणाची?

(नाशिकरोडच्या एका वस्तीत तरुणांचा अभ्यासवर्ग झाला, तिथलं हे भाषण. मोबाइलवर रेकॉर्ड केलेलं ऐकून उतरवलंय. बोलण्याची भाषा आहे तशीच ठेवलीय.)



मला विषय दिलाय तो असा : कला आणि संस्कृतीवर गद्य लिहिणाऱ्याचं आयुष्य. पत्रक वाचून बाहेर एकानं विचारलं, "म्हंजे समीक्षक का?" म्हटलं नाय. "मग बातमीदार?" तेही नाय. समीक्षक पुस्तकाला मार्क देतो. बातमीदार कार्यक्रम संपायच्या आत निघून जातो, त्याला पाहुण्यांची नावं मिळाली की झालं. मी ज्याच्याबद्दल बोलणार तो कार्यक्रम संपल्यावर थांबतो. ढोलकीवाला ढोलकीची शाई पुसत बसलेला असतो, त्याच्या शेजारी बसतो. ही ढोलकी कुणी मढवली, केवढ्याला मढवली, आजची सुपारी कितीची, त्यातले तुझ्या हातात किती, हे विचारतो. लिहून घेतो. आणि घरी जाऊन असं लिहितो की वाचणारा कथा वाचल्यासारखा जागचा हलत नाही, पण त्यातलं एक अक्षर मनचं घातलेलं नसतं.

असा माणूस आपल्याकडे किती जण? मोजा.

कवी मोजू नका, गल्लीत दोन आहेत. आत्मकथनं मोजू नका, ती आपण लिहिली आणि मराठीचं कपाट हादरवलं. आपल्या कलेवर, आपल्या माणसांनी, आयुष्यभर गद्य लिहिलं, अशी माणसं मोजा. एका हाताची बोटं पुरतात का नाय बघा.

आता ही गोष्ट माझ्या डोक्यात कशी पक्की झाली ते सांगतो. तुम्ही लिरॉय जोन्सचं नाव ऐकलं असेल. पुढे तो अमिरी बराका झाला. अमेरिकेतला काळा कवी, नाटककार. १९६३ साली त्याचं 'ब्लूज पीपल' हे पुस्तक आलं. काळ्यांच्या गाण्याचा इतिहास म्हणजेच काळ्यांचा इतिहास, गुलामीपासूनचा, असा त्या पुस्तकाचा सांगावा. त्याच वर्षी त्याचा एक लेख छापून आला, जॅझ आणि गोरा समीक्षक यांच्यावर. त्याचं म्हणणं अगदी सरळ होतं. जॅझ वाजवणारे मोठे वादक बहुतेक काळे, आणि जॅझवर लिहिणारे बहुतेक सगळे गोरे. त्यामुळे सूर कसा लागला याची चर्चा झाली, तो सूर कुठल्या जगण्यातून आला ते मात्र राहून गेलं.

हे वाचताना मला न्यूयॉर्क दिसलंच नाय. मला नारायणगावच्या राहुट्या दिसल्या. तमाशात नाचणारी, गाणारी, हलगी वाजवणारी, सोंगाड्या होणारी माणसं कोण? महार, मांग, कोल्हाटी. आणि तमाशावर प्रस्तावना लिहिणारे कोण? हे मी सांगायला पाहिजे का?

पठ्ठे बापूराव आणि पवळा यांचं उदाहरण घ्या. बापूराव म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, रेठरे हरणाक्षचा ब्राह्मण, जन्म १८६६. तमाशासाठी घरदार, जात सोडली म्हणून त्याचा केवढा गौरव झाला. झाला तो झाला, माणूस प्रतिभेचा होता, त्यात वाद नाय. पण पवळा? संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावशाची महाराची पोर. लोक तिकीट काढून कुणाला बघायला येत होते? बापूरावांनी जात सोडली, याच्या कथा झाल्या. पवळाला जात सोडायची सोय नव्हती. तिच्या जातीमुळेच तर तिला नाचवायला कुणाला काही वाटत नव्हतं. यावर कादंबरी नको मला. मला साधं गद्य पाहिजे : तिची आई कोण, ती गाणं कुणाकडून शिकली, फडात पैशाची वाटणी कशी व्हायची, शेवटच्या दिवसांत तिला कुणी विचारलं.

आणि इथंच आपली अडचण सुरू होते. ती अडचण प्रस्थापितांची नाय, आपली आहे.

१९२७ साल, महाडचा लढा. बापूरावांनी तमाशाच्या कमाईतून मदत देऊ केली आणि बाबासाहेबांनी ती घेतली नाही, ही हकीकत चळवळीत ठाऊक आहे. आमच्या बायकांना नाचवून मिळवलेला पैसा आम्हाला नको, हा त्यातला अर्थ. पुढे १९३६ च्या जूनमध्ये परळच्या दामोदर हॉलमध्ये मुरळ्या, जोगतिणी, वेश्या या आपल्याच बायांपुढे बाबासाहेब बोलले, आणि हे जिणं सोडा असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. बाबासाहेबांचं बरोबर होतं. ज्या समाजाला माणूस म्हणून उभं राहायचंय त्यानं आपली इज्जत दौलतजाद्यावर टाकू नये.

पण मग आपण काय केलं? तमाशा वाईट म्हणून त्यातल्या माणसांची नावं घेणंच बंद केलं. आजी फडात होती हे नातू सांगत नाही. लाज वाटते. मी कितीतरी घरांत हे पाहिलंय. भिंतीवर सगळ्यांचे फोटो, त्या आजीचा नाही. म्हणजे वरच्यांनी तिची कला घेतली आणि तिला विसरले, आणि आपण तिची कला नाकारली आणि तिला विसरलो. दोन्हीकडून म्हातारी गेली.

लिहिणाऱ्याची कसोटी इथं लागते. ती कला होती की अपमान होता? दोन्ही होतं. एकाच रात्री, एकाच बोर्डावर, एकाच बाईच्या अंगात दोन्ही होतं. जो फक्त कला लिहील तो सरकारी स्मरणिकेत जाईल. जो फक्त अपमान लिहील तो त्या बाईचा आवाज दुसऱ्यांदा बंद करील. विठाबाई नारायणगावकर घ्या. १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान. मांगाच्या घरातली बाई. बोर्डामागं बाळंत झाली आणि पुन्हा बोर्डावर उभी राहिली, ही गोष्ट महाराष्ट्र टाळ्या वाजवून सांगतो. टाळ्या कशाला वाजवता? त्या रात्री तिला सुट्टी का नव्हती, ते विचारा. २००२ साली ती गेली, हालात गेली. आता तिच्या नावानं सरकार दरवर्षी पुरस्कार देतं. योगिराज बागूल यांनी तिच्या आयुष्यावर पुस्तक लिहिलं, 'तमाशा : विठाबाईच्या आयुष्याचा'. ते वाचा. मी म्हणतो त्या जातीचं गद्य कसं असतं ते कळेल. 'जातीचं' म्हणजे प्रकारचं, हसू नका.

अलीकडे शैलजा पाईक यांनी हाच प्रश्न घेतला. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या पोहेगावचं घर, पुण्याच्या येरवड्याच्या झोपडपट्टीत वाढलेली मुलगी, आज अमेरिकेत इतिहासाची प्राध्यापक. तमाशातल्या दलित स्त्रियांवर त्यांचं पुस्तक २०२२ साली आलं, २०२४ मध्ये त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. छाती फुगते. पण पुस्तक इंग्रजीत आहे. ज्या बाईनं त्यांना आपली हकीकत सांगितली ती इंग्रजी वाचणार कशी? ही तक्रार पाईकताईंची नाय, ती आपली जबाबदारी आहे. मराठीत ते काम कोण करणार, हा सवाल मी तुमच्यापुढं टाकतोय.

आता आपल्या जिल्ह्यात येऊ.

नाशिक म्हटलं की बाहेरचा माणूस कुसुमाग्रज म्हणतो, कानेटकर म्हणतो. म्हणू दे, मोठी माणसं आहेत. पण याच जिल्ह्यानं दोन कर्डक दिले, आणि आपली पोरं त्या दोघांची गल्लत करतात. वामनदादा कर्डक वेगळे, भीमराव कर्डक वेगळे. वामनदादांवर येतोच मी. आधी भीमराव.

२ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, वर्षानुवर्षं चालला. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याची घोषणा झाली. सभेला येऊन जे ऐकायचं ते हजारोंनी ऐकलं. पण ज्यांना सभेला येता आलं नाही, अक्षर येत नव्हतं, त्यांच्यापर्यंत हे कुणी नेलं? जलशांनी. भीमराव कर्डक आणि त्यांचे साथीदार गावोगाव जलसा घेऊन फिरले. साचा तमाशाचाच, पण आतलं सगळं उलटं. गणात देवाच्या जागी माणूस आला. गवळणीतली छेडछाड गेली, तिथं पोराला शाळेत घाल, मेलेलं ढोर ओढू नको, दारू सोड, अशी बोलणी आली. बाबासाहेबांनी आपल्या सभांपेक्षा जलशाचं वजन जास्त मानलं, ही आठवण आपल्यात सगळेच सांगतात. लिहिणाऱ्यानं अशी आठवण ऐकली की लगेच विचारायचं : कुठल्या गावी, कुणापुढं, ऐकणारा कोण? नुसतं 'सांगतात' वर लिहिणाऱ्याचं पोट भरू नये.

तर हे भीमराव. जलसे गाजले तीसच्या दशकात. आणि १९७८ साली त्यांचं पुस्तक आलं, 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य'. चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी! स्वतः जलसा केलेल्या माणसानं स्वतःच ते सगळं कागदावर ठेवलं, कारण दुसरं कुणी ठेवत नव्हतं. माझ्या लेखी तो माणूस आपला पहिला संस्कृतीचा गद्यकार. त्यांनी ते केलं नसतं तर आज आंबेडकरी जलशावर प्रबंध लिहिणाऱ्यांना उघडायला एक पान नसतं.

आणि योगायोग बघा. त्याच १९७८ साली दया पवारांचं 'बलुतं' आलं. 'बलुत्या'नं वादळ उठवलं, आवृत्त्या निघाल्या, भाषांतरं झाली. कर्डकांचं पुस्तक? या खोलीत कुणी पाहिलंय? हात वर करा. ... दोन. बरं आहे, मला वाटलं एकही नाय. 'बलुतं' मोठंच आहे, माझं म्हणणं एवढंच की आपण दुःख वाचायला शिकलो, आपण काय निर्माण केलं ते वाचायला शिकलो नाय. दुःखाचं पुस्तक वरच्यांनाही चालतं. ते वाचतात, हळहळतात, झोपतात. पण 'यांनी एक रंगभूमी उभी केली, तिचं तंत्र असं होतं, तिचा हिशेब असा होता' हे वाचल्यावर हळहळता येत नाही. तिथं मान द्यावा लागतो.

नामदेव व्हटकरांचं नाव किती जणांना माहीत आहे? कराडकडचे. तमाशाच्या कलेवर आणि साहित्यावर पुस्तक लिहिलं, नाटकं लिहिली, सिनेमे काढले, आमदार झाले, 'कथा माझ्या जन्माची' हे आत्मचरित्र लिहिलं. आणि ७ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेचं चित्रीकरण व्हावं म्हणून स्वतः कर्ज काढून कॅमेरा उभा केला. आज सहा डिसेंबरला तुमच्या मोबाइलवर ती हलती चित्रं फिरतात. खाली नाव कुणाचं असतं? कुणाचंच नाही. आणखी एक : औरंगाबादच्या विद्यापीठात नाटक शिकवणारे रुस्तुम अचलखांब. 'गावकी' त्यांचं आत्मकथन, आणि तमाशावर त्यांचा अभ्यास. शिकवता शिकवता त्यांनी तमाशाला नाट्यशास्त्राच्या वर्गात आणून बसवलं.

आपला बाबुराव बागूल. विहितगावचा, म्हणजे इथून हाकेच्या अंतरावरचा. 'जेव्हा मी जात चोरली होती' सगळ्यांनी वाचलंय. पण 'दलित साहित्य : आजचे क्रांतिविज्ञान' हे वैचारिक लेखन कुणी उघडत नाय. राजा ढालेंचंही तेच. १५ ऑगस्ट १९७२ च्या 'साधने'तल्या एका लेखानं महाराष्ट्र पेटला, तो लेख काय कविता होता? गद्य होतं ते. आणि त्याआधी हा माणूस लघुनियतकालिकांत प्रस्थापितांच्या वाङ्मयाची साल काढत होता. पँथर व्हायच्या आधी तो संस्कृतीचा लेखक होता. ते गद्य घडलं म्हणून पुढचं घडलं, असं माझं मत आहे. कुणाला पटत नसेल तर शेवटी भांडू.

आता वामनदादा. जन्म १५ ऑगस्ट १९२२, सिन्नर तालुक्यातलं देशवंडी. मोठेपणी मुंबईत अक्षर शिकलेला माणूस, आणि हजारो गाणी रचली. १९७३ ला 'वाटचाल' निघालं, मग 'मोहळ', मग 'हे गीत वामनाचे'. २००४ साली गेले. त्यांच्यावर गौरवाचे लेख ढिगानं आहेत. महाकवी, युगकवी, भीमशाहीर. विशेषणं लावली की लेख संपला! मला विशेषणं नकोत. मला हे पाहिजे : एका रात्रीत किती गावं, कशानं प्रवास, झोप कुठं, जेवण कुणाकडं, बिदागी किती, ती वेळेवर मिळाली का बुडवली. साथीला पेटी कोण वाजवायचं. गाणं आधी सुचायचं की चाल. दुसऱ्याच्या गायन पार्टीनं दादांचं गाणं उचलून शेवटी स्वतःचं नाव घातलं तर दादा काय म्हणायचे. दादांना वाहवा देऊन त्यांच्या पोटाची चौकशी न करणारे आपलेच लोक होते का, हेही लिहायचं. आपल्यांचं चुकलं तिथं पेन थांबलं तर ते पेन भाड्याचं.

हे बोलणारी माणसं आता ऐंशीच्या पुढं आहेत. दादांच्या मागं कोरसला बसलेली, जयंतीला बुलबुलतरंग वाजवलेली. दरवर्षी दोन-चार जातात. त्यांच्याबरोबर त्यांच्या वह्या जातात. घर आवरताना सून रद्दीत घालते, तिचा काय दोष? तिला कुणी सांगितलंच नाय की ती वही म्हणजे दस्तऐवज आहे.

विलास घोगरेंचं उदाहरण अजून ताजं आहे. ११ जुलै १९९७ ला रमाबाई नगरात गोळीबार झाला, दहा जण मेले, आणि काही दिवसांत या शाहिरानं मुलुंडच्या आपल्या झोपडीत गळफास घेतला. आनंद पटवर्धन चौदा वर्षं त्या धाग्यामागं फिरले आणि २०११ ला 'जय भीम कॉम्रेड' पुरा केला. त्या माणसाचे आभारच मानले पाहिजेत. पण चौदा वर्षं एका विषयाला चिकटून राहायची ती चिकाटी आपल्यातल्या कुणाकडं होती? चिकाटी असली तरी चौदा वर्षं खायचं काय?

हां. आता खरं दुखणं.

मगाशी अमेरिकेचं बोललो, तिथलीच एक बाई सांगतो. झोरा नील हर्स्टन. काळी. विद्यापीठात शिकली आणि परत आपल्या फ्लोरिडात जाऊन आपल्याच लोकांची गाणी, कहाण्या, मंत्रतंत्र गोळा करत फिरली. १९३५ ला त्यावर पुस्तक काढलं, 'म्युल्स अँड मेन'. तेव्हा नाव झालं. आणि १९५० साली तीच बाई मायामीत दुसऱ्याच्या घरी मोलकरणीचं काम करत होती. १९६० ला मेली तेव्हा थडग्यावर नावाचा दगडसुद्धा नव्हता. १९७३ साली ॲलिस वॉकर ही दुसरी काळी लेखिका रान तुडवत गेली, ते थडगं शोधलं, दगड बसवला आणि त्यावर लेख लिहिला. एका लिहिणारीला दुसऱ्या लिहिणारीनं जमिनीतून वर काढलं.

आपल्याकडं वेगळं काय आहे? मी स्वतः एका मोठ्या दैनिकाच्या पुरवणीला हलगी बनवणाऱ्यावर लेख दिला होता. कातडं कुठून येतं, ते कसं ताणतात, शेकतात, सगळं होतं. छापला. जात तेवढी काढून टाकली. 'पारंपरिक कारागीर' असं केलं. मानधन पाचशे रुपये, ते आठ महिन्यांनी. शेजारी नोटांचा छापखाना असलेल्या गावात राहून पाचशेच्या नोटेची आठ महिने वाट बघायची, हीपण एक गंमत.

म्हणून कुणी तुम्हाला म्हणालं की लेखणीवर जगता येईल, तर हसून सोडून द्या. आपले बहुतेक गद्यकार नोकरीवर जगले. मास्तरकी, रेल्वे, बँक, विद्यापीठ. नोकरी धरा. रात्री लिहा. रविवारी फिरा. याला कमीपणा मानू नका. पण चळवळीलाही माझं सांगणं आहे. जयंतीला डीजेवर किती उडतात ते मंडळाच्या जमाखर्चात बघा. त्यातला एक आकडा काढून एका पोराला वर्षभर एसटीचा पास, एक रेकॉर्डर आणि झेरॉक्सचे पैसे द्या. एका जयंतीत एक पुस्तक निघतं. हे मी दोन मंडळांना बोललो. एकानं सत्कार केला माझा. शाल दिली!

डिसेंबर २०२१ मध्ये या शहरात एकाच आठवड्यात दोन साहित्य संमेलनं झाली. आडगावला अखिल भारतीय, आणि इकडं विद्रोही. दोन्हीकडं मी गेलो. विद्रोहीत शाहिरी जोरात होती, अंगावर काटा आला. बाहेर पुस्तकांच्या स्टॉलवर त्याच शाहिरांवर लिहिलेलं गद्य शोधलं. कवितासंग्रह मिळाले, भाषणं मिळाली, कॅलेंडरं मिळाली.

शेवटी एक दगड दाखवतो आणि थांबतो. तुम्ही त्रिरश्मी लेण्यांवर जाता, बुद्धवंदना करता, सेल्फी काढता. गाव त्याला पांडवलेणी म्हणतं. पांडवांचा तिथं काडीचा संबंध नाय, पण नाव चिकटलं, कारण मध्ये कित्येक शतकं तिथला मजकूर वाचणारं कुणी नव्हतं. वाचता न आलेली जागा दुसऱ्याच्या नावावर जाते. तिथं दहा नंबरच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. त्यात काय कोरलंय? की भिक्खूंच्या खर्चासाठी तीन हजार कार्षापण ठेव म्हणून ठेवले. दोन हजार विणकरांच्या एका श्रेणीकडं, दरमहा शेकडा एक व्याजानं. हजार दुसऱ्या श्रेणीकडं, शेकडा पाऊण टक्क्यानं. बघा! एवढं सुंदर लेणं, आणि दगडावर व्याजाचा दर. आणि अठरा नंबरच्या चैत्याच्या दारावर, हे धंबिक गावाचं दान, असं लिहिलंय. एका अख्ख्या गावानं ते दार दिलं. ज्यानं कोरलं त्याला ठाऊक होतं, कुणी किती दिले हे लिहिल्याशिवाय कलेची हकीकत पुरी होत नाय.

बरं, कामाचं. येत्या रविवारी देशवंडीला जायचंय. सकाळी सातला सिन्नरची एसटी, तिथून पुढं मिळेल ते. तिघं आले तरी पुरे. साधी दोनशेपानी वही आणा, मोबाइल चार्ज करून आणा, आणि म्हाताऱ्या माणसांपुढं पहिला अर्धा तास तोंड उघडू नका. फोटो विचारून काढा. वही कुणी दिली तर तिथंच झेरॉक्स करून त्याच दिवशी परत करायची, घरी आणायची नाय. नावं त्या पोरीकडं द्या, ती दाराशी बसलीय.

चहा आलाय. प्रश्न चहासोबत घेऊ.